कोणाचं रे?

विशाखा कोथिंबिरीची जुडी सोडून बघते. भाजीवाली ओरडते, "अगं बाई, परत बांधायची कोणी?" तरी ती सुतळी सोडते, आत पिवळी पानं शोधते आणि मग स्वतःच बांधून देते. रिक्षात बसायच्या आधी ठिकाण सांगते आणि रिक्षावाल्याकडून ते वदवून घेते. आमच्या कॅन्टीनच्या पोह्यांचा ती आधी वास घेते. मी तिचं नाव शंकासूर ठेवलं होतं. एकदा तिच्या कानावर ते गेलं. माझ्यासमोर येऊन म्हणाली, "ताई, शंकासूर मलाच म्हणालात ना? का अजून कोणाला?"

अशी ही बाई. पोटापाण्यासाठी यंत्राला वाक्यं लिहून देते. ते काम मला समजायला फार दिवस लागले, आणि तोवर मी तिच्यावर जेवढा संशय घेतला तेवढा तिनं कोथिंबिरीवरही घेतला नसेल.

मी जालना रोडच्या आतल्या बाजूला असलेल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसते. दवाखाना ट्रस्टचा आहे, त्यामुळं फुलंब्री, गंगापूर, पैठणकडून मोतीबिंदूचे पेशंट रोज येतात. सकाळी गजानन महाराजांच्या फोटोला हात जोडायचे, कॉम्प्युटर चालू करायचा आणि मान खाली घालायची, ती दुपारीच वर काढायची. फोनवरून तारखा देणं, बदलणं हेही माझ्याचकडं होतं. मग एक दिवस आमचे व्यवस्थापक आप्पासाहेब सगळ्यांना बोलावून म्हणाले, "आता फोन आणि व्हॉट्सॲप एआय बघणार. ताईंचा भार हलका होईल." भार हलका करतो म्हणून कोणी आलं की पुढं काय हलकं होतं, हे मला माहीत आहे.

दुसऱ्याच दिवशी चिकलठाण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतून विशाखा आली आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. सुती ड्रेस, तेल लावलेली वेणी, खांद्याला लॅपटॉप. बसल्या बसल्या विचारलं, "ताई, रद्द म्हणजे काय?"

मी म्हणाले, "रद्द म्हणजे रद्द."

"म्हणजे आज येणार नाही, का ऑपरेशनच करायचं नाही?"

"आज येणार नाही म्हणाला तर पुढची तारीख देते. करायचंच नाही म्हणाला तर नाव काढते."

"मग दोन्हीला रद्द का म्हणता?"

मला राग आला. वाटलं, ही माझ्या चुका काढायला बसलीय. पुन्हा थोड्या वेळानं, "तारीख म्हणजे कुठली? तपासणीची का ऑपरेशनची?" मग, "उजवा डोळा म्हणजे पेशंटचा उजवा ना? तुमच्या समोरून बघताना नव्हे ना?" मी तिला तोंडावर म्हणाले, "बाई, तू माझं काम शिकून माझ्याच जागी मशीन बसवणार आहेस. मग एवढं गोड बोलून कशाला विचारतेस?"

तिनं लॅपटॉपवरचे हात काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "ते मला नाही माहीत, ताई. तसं करायचं असलं तरी मला कोणी सांगणार नाही. पण मी चुकीचं लिहिलं तर ते पेशंटला भोवेल, एवढं नक्की."

तिनं नाही म्हटलं असतं तर माझा विश्वास बसला नसता. नाही म्हटलं नाही म्हणून थोडा बसला.

पुढं आम्ही डबा बरोबर खायला लागलो. माझा गुरुवार असला की ती माझ्यासाठी केळी आणायची. तिच्या घरी मुकुंदवाडीत रोज संध्याकाळी बुद्धवंदना होते. त्या वेळेला ती फोन उचलत नाही. एकदा मी विचारलं, "नेमकं करतेस काय तू?" तेव्हा तिनं डब्याचं झाकण, चमचा आणि वाटी माझ्यासमोर मांडली.

"हे बघा. या एआयला भाषा येते, पण हात नाहीत. आपण त्याला अवजारं देतो. हे झाकण म्हणजे पेशंट शोधायचं अवजार. चमचा म्हणजे तारीख बदलायचं. वाटी म्हणजे नाव काढून टाकायचं. कोणतं कधी उचलायचं हे त्याला कसं कळणार? प्रत्येक अवजारावर चार ओळी लिहिलेल्या असतात. हे काय करतं, कधी वापरायचं, कधी वापरायचं नाही. तेवढ्या ओळींवर ते चालतं. त्या ओळी मी लिहिते."

"म्हणजे नव्या सुनेसारखं झालं," मी म्हणाले. "हुशार आहे, कामाला वाघ आहे, पण आपल्या घरातलं काही माहीत नाही, आणि विचारायला लाजते."

"विचारायला लाजते!" ती एकदम जेवायची थांबली. "हे खरं आहे. विचारत नाही. मनानंच ठरवून टाकतं."

तिला हे काम लहानपणीच लागलं होतं, असं ती म्हणते. आई कंपनीत जायची, म्हणून घरी धाकट्या प्रणयला हीच सांभाळायची. प्रणय फार आज्ञाधारक. सांगितलं तेवढंच करायचा, आणि सांगितलं तेवढं सगळं करायचा. "तांदूळ शिजव" म्हणाली तर त्यानं डब्यातले सगळे तांदूळ शिजवले. आईची बोलणी कोणाला बसली? विशाखाला. तेव्हापासून ती सांगायच्या आधी मनात विचार करायची, की हे ऐकून प्रणय काय काय उलटं करील. आजही वर्णनं इंग्रजीत लिहावी लागतात, पण ती आधी मराठीत बोलून बघते आणि स्वतःच प्रणय होऊन त्यात खोट काढते.

दिवाळीनंतर यंत्र चालू झालं. फोनची कटकट खरंच कमी झाली. माझी जागाही अजून होती. आणि मग काकासाहेबांचं प्रकरण झालं.

काकासाहेब हे फुलंब्रीच्या पुढच्या एका गावचे शेतकरी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. ऑपरेशनच्या दिवशी डोळ्यांत थेंब घालून, नवं धोतर नेसून, सून बरोबर घेऊन ते माझ्या खिडकीसमोर उभे राहिले. मी यादी बघितली. नाव नाही. त्यांची तारीख पुढं गेलेली. आणि त्याच गावच्या भामाबाईंचं नाव पुकारलं जात होतं, तर त्या आलेल्याच नव्हत्या. काकासाहेबांच्या जागेवर प्रतीक्षायादीतले सिडकोतले एक गृहस्थ ऐटीत आत गेलेसुद्धा.

"कोणी बदलली माझी तारीख?" काकासाहेबांनी विचारलं.

आप्पासाहेबांनी नोंद काढली. आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर निरोप आला होता: "आमच्या पेशंटला ताप हाय, उद्या आणत नाय. पुढली तारीख द्या." नंबर कडुबाचा.

कडुबा म्हणजे त्या गावचा जीपवाला. काळीपिवळी जीप, पुढच्या काचेवर लिंबू-मिरची, मागं शेळीसुद्धा बसते. आमच्याकडं त्या बाजूचे निम्मे पेशंट त्याच्याच गाडीतून येतात. म्हाताऱ्यांना हाताला धरून पायऱ्या चढवतो. मला ताई म्हणतो. त्या दिवशी तोच काकासाहेबांना घेऊन आला होता. आप्पासाहेबांनी त्याला आत बोलावलं.

"काय रे, ऑपरेशनचे नंबर विकतोस काय?"

"कसले नंबर, सायेब?"

"काकासाहेबांना ताप आहे म्हणून तूच कळवलंस ना?"

"काकासायबाला कशाचा ताप? भामाबाईला ताप हाय! म्या भामाबाईचं कळवलं."

"यात कुठंय भामाबाईचं नाव? दाखव."

कडुबानं फोन हातात घेऊन निरोप पुन्हा पुन्हा बघितला. नाव नव्हतं. "तिचंच व्हतं ते," म्हणाला. "तापाची तीच हाय ना. दुसरं कोणाचं असंल?"

मागं जाऊन बघितलं तर असा प्रकार आधीही झालेला निघाला. त्याच्या गाडीतल्या पेशंटांच्या तारखा हललेल्या, आणि मोकळ्या झालेल्या जागी शहरातले लोक लागलेले. काकासाहेबांच्या सुनेनं तिथंच कडुबाकडं पाठ फिरवली. आप्पासाहेबांनी वॉचमनला सांगितलं, ही जीप आता फाटकाच्या आत येऊ द्यायची नाही. गाव छोटं असतं. दवाखान्यानं हाकललेला माणूस म्हटल्यावर त्याच्या गाडीत उद्या कोण बसणार?

मी काय केलं? गप्प बसले. माझ्याही मनात आलंच, की असेल बाबा, माणसाचा काय भरवसा.

विशाखाही सुरुवातीला त्याच बाजूची होती. उलट तिनंच आप्पासाहेबांना नोंदी नीट लावून दिल्या होत्या. म्हणाली, "माणूस गोड आहे, म्हणूनच मला शंका येते." पण दोन दिवसांनी डबा खाता खाता तिनं पोळी खाली ठेवली.

"ताई, खोटं बोलणारा माणूस पकडला गेला की गोष्ट बदलतो. कडुबाकाकांनी बदलली नाही. नाव दिसत नसतानाही भामाबाईच म्हणत राहिले. एवढं वेडं खोटं कोण बोलतं?"

"मग?"

"मग एक तर ते आपण समजतो त्यापेक्षा बेरकी आहेत. नाहीतर दुसरंच काहीतरी आहे. मला बघायचंय. रविवारी येता का?"

रविवारी आम्ही फुलंब्रीच्या रस्त्यावर हर्सूलला उभ्या राहिलो आणि त्याच्याच जीपला हात केला. मला बघून कडुबाचा चेहरा उतरला. "आता काय, ताई, गाडीत बी चौकशी व्हय?"

"फुलंब्रीला जायचंय," विशाखा म्हणाली.

"फुलंब्रीत काय हाय तुमचं?"

ती तोवर आत चढून बसली होती. तो हसला नाही. गाडीत माणसं नेहमीपेक्षा कमी होती, आणि होती ती गप्प होती. चौक्याचा घाट सुरू झाला तसा त्याचा फोन वाजायला लागला. जीप बाजूला घेऊन तो बोलायचा, की पुन्हा वाजायचा.

"कोणाचं सिलिंडर? नाव सांग, बाई... व्हय, मेसेज आला, उद्या येतंय." मग दुसरा. "कोणाच्या पोराचा? शाळेचा मेसेज आला, पण कोणाच्या पोराचा त्ये लिहिलंच नाय. थांब, विचारून सांगतो." मग एक म्हातारा आवाज, आम्हाला मागं ऐकू येईल एवढा मोठा, "कडुबा, माझ्या विम्याचा नंबर आला का रं?"

मी खिडकीबाहेर बघत होते. विशाखा मात्र पुढं वाकली होती, कोथिंबिरीची जुडी सोडताना वाकते तशी.

"काका, तुमच्या नंबरावर गावातली किती माणसं आहेत?"

"आता ही बी चोरी झाली का?" कडुबा कडवटपणे म्हणाला. "आख्खी गल्ली हाय. म्हाताऱ्यांकडं फोन हायत, पण एकाचं रिचार्ज नाय, एकाला वाचता येत नाय. कुठं बी नंबर मागितला की म्हणत्यात, कडुबाचा टाका. माझं काय जातं? निरोप आला की वरडून सांगतो."

"दवाखान्यातही तुमचाच?"

"ताईलाच विचारा की. तीच टाकती."

टाकत होतेच मी. वर्षानुवर्षं. त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं.

विशाखा मागं सरकून बसली. तोंड पांढरं पडलं होतं. मला वाटलं, हिला घाट लागला. हळूच म्हणाली, "ताई, काकांचा फोन पूर्वी तुम्हाला यायचा, तेव्हा तुम्ही काय करायचात?"

"काय करणार? नंबर टाकायचा, खाली नावं यायची, त्यातलं बघायचं."

"बघायचं म्हणजे? कुठलं नाव, ते कसं कळायचं?"

माझ्या उत्तराआधी पुढून कडुबाच म्हणाला, "ती विचारायची ना. 'कोणाचं रे?' म्हणून. तुमच्या त्या मशीननं मला कधी विचारलं का? म्या आपला वाट बघत बसलो, आता विचारील, मंग सांगतो. तर त्येचं उत्तर आलं, 'तारीख बदलली.' म्हटलं, कळलं असंल त्याला. हुशार हाय म्हणत्यात."

मला कोणी ते शिकवलं नव्हतं आणि मी ते तिला सांगितलंही नव्हतं. श्वास घेतो हे कोण कोणाला सांगतं? आणि ती माझ्या शेजारी बसली त्या दिवसांत नेमके शहरातलेच फोन जास्त आले, एक नंबर एक माणूस.

गावात आम्ही भामाबाईंच्या घरी गेलो. म्हातारी गोधडी पांघरून ओट्यावर बसलेली. ताप उतरला होता, डोळा तसाच. आम्हाला बघून तिनं आधी विचारलं, "काकासायबाच्या सुनंनं पाठवलं का तुम्हाला?" नाही म्हटलं तरी तिला पटलं नाही. विशाखानं ताप कधी आला, कडुबाला कधी सांगितलं, ते सगळं विचारलं. सगळं जुळलं. "पोराला उगं बदनाम केलं," म्हातारी म्हणाली. "पर तुमी का विचारताय? तुमचं काय अडलंय?"

"माझंच अडलंय, आजी," विशाखा म्हणाली.

परतीच्या वाटेवर तिनं मला ते वाक्य वाचून दाखवलं. पेशंट शोधायच्या अवजारावर तिनं लिहिलं होतं: मोबाईल नंबर द्या, त्या नंबरचा पेशंट मिळेल. एवढंच. यंत्रानं नंबर दिला, नावांची रांग मिळाली, आणि पेशंट एकच असतो असं सांगितलेलं असल्यानं त्यानं सगळ्यात वरचं नाव उचललं. ज्यांचं ऑपरेशन व्हायचं होतं त्यांच्यात काकासाहेबांनी सगळ्यांच्या आधी नाव घातलं होतं, म्हणून ते वर. "सगळ्यांवर शंका घेतली, ताई," ती म्हणाली. "या ओळीवर घेतली नाही. ती इतकी साधी होती."

सोमवारी ती आप्पासाहेबांच्या खोलीत गेली, मलाही बरोबर नेलं. कंपनीतल्या तिच्या साहेबानं तिला आधीच बजावलं होतं की, चूक वापरणाऱ्याची आहे असं म्हणून मोकळी हो. तिनं तसं म्हटलं नाही. सगळं सरळ सांगितलं. आप्पासाहेबांनी चष्म्यावरून बघितलं.

"कडुबानं जीपमधून फुकट फिरवलं वाटतं?"

"भाडं दिलंय, सर."

"जीपवाल्यासाठी स्वतःच्या कंपनीचं नाव खराब करून घेताय. तुम्हाला यात काय मिळतं?"

तिनं लॅपटॉप उघडला. खऱ्या तारखांना धक्का लागू नये म्हणून सरावासाठी वेगळी प्रत होती, तिच्यावर आप्पासाहेबांनाच कडुबाच्या नंबरावरून निरोप लिहायला सांगितला. त्यांनी लिहिलं, "आमच्या पेशंटला उद्या जमत नाही." मनात कोण धरलं होतं, ते कागदाच्या कपट्यावर लिहून मुठीत ठेवलं. यंत्रानं लगेच उत्तर दिलं: तारीख बदलली. यादीत बघितलं, तर काकासाहेबांची. आप्पासाहेबांनी मूठ उघडली. कपट्यावर भामाबाई.

त्यांनी कपटा घडी करून खिशात टाकला. मग म्हणाले, "ठीक आहे. दुरुस्त करा." आणि वॉचमनला फोन लावला. कडुबाला बोलावून दोन शब्द बोलावेत, हे काही त्यांच्याकडून झालं नाही.

नव्या ओळी तिनं माझ्याजवळ बसूनच लिहिल्या आणि मराठीतून वाचून दाखवल्या. "हे अवजार एका मोबाईल नंबरावर नोंदवलेले सगळे पेशंट दाखवतं. नंबर म्हणजे पेशंट नव्हे. तो शेजाऱ्याचा, जीपवाल्याचा, लेकीचा असू शकतो. एकापेक्षा जास्त नावं आली तर स्वतः निवडू नकोस, पहिलं नाव घेऊ नकोस. निरोप देणाऱ्याला पेशंटचं नाव आणि गाव विचार. उत्तर आलं की नाव परत वाचून दाखव. हो म्हटल्याशिवाय तारखेला हात लावू नकोस." मग मान वर करून म्हणाली, "यात अजून काय उलटं होईल, ताई? प्रणय होऊन सांगा."

"एकाच गावात दोन भामाबाई असल्या तर?"

तिनं वयाची ओळ घातली.

काकासाहेबांचं ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं, भामाबाईंचंही लागलं. जीप फाटकातून आत आली त्या दिवशी विशाखा स्वतः खाली गेली. मी खिडकीतून बघत होते. तिनं कडुबाला सगळं सांगितलं, की चूक माझ्या ओळीची होती, तुमची नव्हती. कडुबा ऐकत राहिला. मग वर येऊन मला हळूच म्हणाला, "ताई, ही पोरगी स्वतःची चूक स्वतःच्या तोंडानं का सांगती? काहीतरी असंल यात. कोणाला तरी वाचवतीया."

मी हे तिला सांगितलं. मला वाटलं वाईट वाटेल. ती म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. मीही हेच म्हणाले असते."

त्याच दिवशी त्याच्या गाडीतून एक नवी म्हातारी आली होती. मी केसपेपर भरायला घेतला. नाव, गाव, वय. मग विचारलं, "मोबाईल नंबर?"

"कडुबाचा टाका," म्हातारी म्हणाली.

"माझा नको," कडुबा एकदम म्हणाला.

म्हातारी त्याच्याकडं बघायला लागली. "आरं, मंग कोणाचा टाकू? माझं कोण हाय?"

रांग खोळंबली. मागून कोणीतरी "चला ना ओ" म्हणालं. कडुबा खिडकीच्या कडेला उभा होता, हातात फोन घट्ट धरून, जसा काही मी तो काढून घेणार होते. शेवटी त्यानं माझ्या मागं बसलेल्या विशाखाकडं बघितलं.

"आता विचारतं का ते?"

"विचारतं, काका."

"कोणाचं म्हणून?"

"नाव, गाव, वय. तुम्ही हो म्हणेपर्यंत काही करत नाही."

"आन् नाय विचारलं तर?"

"तर मला फोन करा. माझा नंबर घ्या. त्या नंबरावर मी एकटीच आहे."

त्यानं नंबर घेतला. तिथंच लावून बघितला. तिच्या पर्समध्ये फोन वाजला तेव्हाच त्यानं मान हलवली.

"लिहा, ताई," तो म्हणाला. मी त्याचा नंबर लिहिला. मला तो पाठच आहे. कागद पुढं सरकवणार तोच त्यानं दोन बोटं त्यावर ठेवली.

"आधी वाचून दाखवा. मोठ्यानं. कोणाचं हाय त्ये."

मी म्हातारीचं नाव वाचलं, गाव वाचलं, वय वाचलं. मग त्यानं बोटं उचलली.